विश्लेषण : स्वमग्न व्यक्तींचे दुखणे नजरेतून का सुटते?

दात किडला, कान फुटला की बहुतेक मुले रडतात, दुखते तिथे बोट दाखवतात. ऑटिझम, म्हणजेच स्वमग्नता असलेले मूल अशा वेळी डोके भिंतीवर आपटू शकते, जेवण नाकारू शकते किंवा एकदम गप्प होऊ शकते. ‘ऑटिझममुळेच असे वागतो’ असे म्हटले गेले, की मूळ आजार तपासायचा राहून जातो. उपचार लांबतात आणि कधी नुसतीच शांत करणारी औषधे सुरू होतात.

‘त्यांना दुखत नाही’ हा समज कुठून आला?

प्रतिक्रिया दिसत नाही, म्हणजे वेदनाच नाही, असे बराच काळ मानले गेले. निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘डीएसएम-५’ (२०१३) या अमेरिकी नियमावलीतही वेदना आणि तापमानाबाबतची ‘वरकरणी उदासीनता’ हे लक्षणाचे एक उदाहरण आहे. यातला ‘वरकरणी’ हा शब्द मात्र अनेकदा विसरला जातो.

संशोधन काय सांगते?

फ्रान्समधील संशोधकांनी २००९ मध्ये ७३ स्वमग्न मुलामुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. रक्त घेताना त्यांची बाह्य प्रतिक्रिया कमी होती, पण हृदयाचे ठोके इतर मुलांपेक्षा अधिक वाढले होते. इस्रायलमध्ये ५२ स्वमग्न प्रौढांवर झालेल्या अभ्यासात त्यांनी वेदनेची तीव्रता इतरांपेक्षा जास्त नोंदवली. म्हणजे चेहरा शांत असला तरी आत वेदना असू शकते.

मग ती व्यक्त का होत नाही?

काहींना बोलता येत नाही. बोलणाऱ्यांपैकी अनेकांना शरीरातील संवेदना नेमकी कुठली, हे ओळखणे किंवा तिला शब्द देणे जड जाते. ‘० ते १० मध्ये किती दुखते?’ हा प्रश्नही गोंधळात टाकतो. १० म्हणजे नेमके किती, हे ठरल्याशिवाय उत्तर देणार कसे? त्यात दवाखान्यातील दिवे, गोंगाट आणि स्पर्श यांचा त्रास वेगळाच.

वेदना मोजण्याचे मार्ग कोणते?

‘फ्लॅक’ या पद्धतीत चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत पटणे या पाच बाबींना प्रत्येकी ० ते २ गुण दिले जातात. तिच्या सुधारित रूपात त्या मुलाच्या खास खुणा पालक नोंदवू शकतात. न बोलणाऱ्या मुलांसाठी ३० मुद्द्यांची एक यादीही आहे. त्यासाठी दोन तास निरीक्षण करावे लागते. मात्र ही साधने मुख्यतः बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी तयार झाली. बोलू शकणाऱ्या स्वमग्न प्रौढांना थेट विचारणे, शरीराचे चित्र दाखवणे, लिहू देणे आणि उत्तराला वेळ देणे अधिक उपयोगी ठरते.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारताना स्पष्ट केले, की सांगता येत नाही म्हणून वेदना नाही असे होत नाही.

कुटुंबीयांनी काय करावे?

एरवीची झोप, भूक, आवाज, हालचाली यांची नोंद ठेवावी. पूर्वी दुखले तेव्हा काय बदलले होते, तेही लिहावे आणि हा कागद डॉक्टरांना दाखवावा. शक्य असल्यास गर्दी नसलेली वेळ मागावी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये ऑटिझमचा समावेश असून, कलम २५ मध्ये उपचारात प्राधान्य देण्याची तरतूद आहे.

वागणे एकाएकी बदलले, तर आधी दात, कान, घसा, पोट आणि बद्धकोष्ठता तपासून घ्यावी. वागणुकीवरच्या औषधाचा विचार त्यानंतर.