जुन्या संगणकाचं निर्लेखन करण्यापूर्वी

रत्नागिरीत नव्वदच्या दशकात एखाद्या छापखान्याने, पतसंस्थेने किंवा शाळेने घेतलेला ३८६ संगणक आज माळ्यावर सापडला, तर त्याची किंमत वजनकाट्यावर ठरते. पत्र्याच्या डब्याचा भाव वेगळा, मदरबोर्डचा वेगळा, वायरींतल्या तांब्याचा वेगळा. भंगारवाल्याच्या बाजूने हा हिशेब चोख आहे, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. प्रश्न आपला आहे. ज्या यंत्रांवर मराठी पहिल्यांदा टाइप झाली, साठवली गेली, छपाईला गेली, ती यंत्रं आपल्या लेखी कशात जमा आहेत? देशात ठिकठिकाणी थोडी माणसं अशी आहेत, जी जुने संगणक मिळवतात, उघडतात, दुरुस्त करतात आणि चालू ठेवतात. त्यांना आपण हौशी म्हणतो, फार तर छांदिष्ट म्हणतो. माझं म्हणणं असं की ही माणसं पुराभिलेखागाराचं काम करत आहेत. ते बिनपगारी आणि एकेकट्याने चाललं आहे, आणि किनाऱ्यावरच्या जिल्ह्यांत त्यासाठी हाताशी असलेला वेळ घाटावरच्या गावांपेक्षा पुष्कळ कमी आहे.

आपल्याकडे जपण्यासारखं आहे तरी काय, असं कुणी विचारेल. संगणक म्हटला की अमेरिका हा समज इतका पक्का बसला आहे की आपल्याच आवारातलं आपल्याला दिसत नाही. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली उभारलेला संगणक १९६० मध्ये पूर्ण क्षमतेने सुरू झाला. सुमारे २७०० निर्वात नळ्या आणि १७०० जर्मेनियम डायोड असलेल्या या यंत्राला १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी ‘टिफ्रॅक’ हे नाव दिलं. काही वर्षांत अधिक वेगवान यंत्रं आली, टिफ्रॅक बंद झाला आणि आज तो चालू अवस्थेत कुठेही पाहायला मिळत नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून देशातल्या सुमारे अडीचशे शाळांमध्ये बीबीसी मायक्रो संगणक पोहोचले. त्याच दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने ब्रिटनच्या सिंक्लेअर स्पेक्ट्रम प्लसची भारतीय आवृत्ती परवाना घेऊन काढली. घरच्या टीव्हीला जोडायचा आणि कॅसेट प्लेअरवरून प्रोग्रॅम भरायचा असा तो संगणक होता, आणि मध्यमवर्गीय घरातल्या मुलाला स्वतः प्रोग्रॅम लिहायला लावणारं यंत्र या अर्थाने त्याचं मोल मोठं आहे. मग १९९१ मध्ये पुण्याच्याच सीडॅकचा ‘परम ८०००’ आला. परमचं नाव शाळकरी मुलांनाही पाठ असतं. सीडॅकचंच दुसरं काम, जे मराठी माणसाच्या रोजच्या व्यवहारात त्याहून खोल शिरलं, ते मात्र जवळजवळ विसरलं गेलं आहे.

ते काम म्हणजे जिस्ट. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं हे तंत्रज्ञान १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सीडॅकमध्ये आलं, आणि मोहन तांबे हे त्यातलं प्रमुख नाव. जिस्टचं कार्ड संगणकाच्या आतल्या खाचेत बसवलं की इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसवरच्या सॉफ्टवेअरमध्येही देवनागरी टाइप करता येई, पडद्यावर पाहता येई. ज्या काळात पडद्यावर देवनागरी अक्षर उमटणं हीच नवलाई होती, त्या काळात या कार्डाने नावांच्या याद्या, पावत्या, मतदार याद्यांसारखं काम भारतीय लिप्यांत शक्य केलं. त्यामागची ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक झाली, आणि युनिकोडमधली देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवर बेतलेली आहे. म्हणजे आज मोबाइलवरून जाणारा प्रत्येक मराठी संदेश त्या कामाचा वंशज आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात दर्जा दिला, तेव्हा आपण नाणेघाटातल्या शिलालेखाची आठवण अभिमानाने काढली, आणि ते योग्यच होतं. पण दोन हजार वर्षांपूर्वीचा दगड वाचता येतो आणि पस्तीस वर्षांपूर्वीची फ्लॉपी वाचता येत नाही, ही स्थिती भाषेवर प्रेम करणाऱ्या समाजाला अस्वस्थ करायला हवी.

फ्लॉपी वाचता येत नाही याची कारणं दोन. ड्राइव्ह बंद पडले हे एक, आणि दुसरं अधिक गुंतागुंतीचं. विंडोज आणि डीटीपी आल्यावर पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, बंगळुरूची आकृती आणि इतर अनेक फॉण्ट छापखान्यांत रुजले. प्रत्येकाने मराठी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी आपापल्या पद्धतीने बसवले होते. मूळ फॉण्ट नसेल तर अशी फाइल उघडल्यावर रोमन अक्षरं आणि चिन्हांची गिचमीड दिसते. प्रचलित फॉण्टसाठी युनिकोडमध्ये बदलणारी सॉफ्टवेअर आज मिळतात, पण एखाद्या छोट्या कंपनीचा फॉण्ट असेल तर ती फाइल जिथे तयार झाली त्या जोडणीचाच आधार घ्यावा लागतो. यात काय गेलं असेल याची कल्पना करून पाहा. दिवाळी अंक, स्थानिक साप्ताहिकं, ग्रामोत्सवांच्या स्मरणिका, संस्थांचे अहवाल, कुळवृत्तांत. छापील प्रत असेलच, असं म्हणून आपण सुटका करून घेतो. पण न्यूजप्रिंटचं आयुष्य आणि कोकणातली वाळवी या दोन्हींची ज्याला माहिती आहे, तो असं म्हणणार नाही.

हा धोका काल्पनिक नाही, याचा पुरावा ब्रिटनने दिला आहे. १०८६ मध्ये तिथे राजाच्या हुकमाने जमिनी आणि मालमत्तेची पाहणी होऊन ‘डूम्सडे बुक’ तयार झालं. त्याच्या नऊशेव्या वर्षी, १९८६ मध्ये, बीबीसीने देशभरातल्या शाळकरी मुलांना कामाला लावून नवी पाहणी केली आणि ती लेझर डिस्कवर साठवली. ती वाचायला बीबीसीचाच संगणक आणि खास बनावटीचा प्लेअर लागे. पंधरा वर्षांच्या आत अशी चालू यंत्रं दुर्मीळ झाली आणि संशोधकांना तो मजकूर सोडवण्यासाठी वेगळा प्रकल्प हाती घ्यावा लागला. चर्मपत्रावरचं जुनं पुस्तक मात्र आजही वाचता येतं.

आता रत्नागिरीच्या हवेबद्दल. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, चार महिने हवा ओली असते आणि उरलेले आठ महिनेही समुद्रावरचा खारा वारा थांबत नाही. २८६ किंवा ३८६ च्या मदरबोर्डवर घड्याळ चालू ठेवण्यासाठी निळ्या वेष्टनातली निकेल-कॅडमियमची छोटी बॅटरी सोल्डर केलेली असते. संगणक वर्षानुवर्षं पडून राहिला की ती गळते. तिच्यातला पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा अंश बोर्डावरून सरकत जातो, तांब्याच्या केसासारख्या रेषांवर हिरवा कळक चढतो आणि बहुधा जवळच असलेला कीबोर्डचा सॉकेट आधी निकामी होतो. दमट हवेत हे थांबायचं नाव घेत नाही. दुरुस्ती करणारा प्रथम बॅटरी कापून काढतो, अल्कली मारण्यासाठी व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाने जागा पुसतो, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतो, भिंगाखाली हिरवा थर खरवडतो आणि मल्टिमीटर लावून प्रत्येक रेष जोडलेली आहे का ते तपासतो. जिथे तुटली असेल तिथे इनॅमलची बारीक तार सोल्डर करतो. बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमध्ये दुसरं संकट बसलेलं असतं. त्यातल्या कागदी कपॅसिटरच्या मधाच्या रंगाच्या पारदर्शक आवरणाला काळाने बारीक चिरा पडतात, त्यातून ओल आत शिरते आणि वीज दिल्यावर थोड्या वेळात तो फुटून खोलीभर धूर होतो. फ्लॉपीच्या चुंबकीय थरावर बुरशी धरते आणि तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर ड्राइव्हचं हेड तो थरच खरवडून नेतं. म्हणजे ‘अजून चालतो का बघू’ असं म्हणत प्लग लावणारा उत्साही नातेवाईक या यंत्रांचा सर्वांत मोठा शत्रू ठरतो. हे ज्ञान पुस्तकात थोडं आणि हातात जास्त असतं, आणि ज्यांच्या हातात आहे त्यांचं वय वाढत चाललं आहे.

या सगळ्यावर तरुण तंत्रज्ञांचा आक्षेप ठरलेला असतो: एम्युलेटर आहेत की. जुना संगणक नव्या संगणकात सॉफ्टवेअरने उभा करता येतो, मग लोखंड कशाला सांभाळायचं? आक्षेप वजनदार आहे. रोजच्या वापरासाठी, शिकवण्यासाठी, खेळ खेळण्यासाठी एम्युलेटर पुरतो आणि तोच वापरावा. पण एम्युलेटर हवेतून येत नाही. स्पेक्ट्रममध्ये चित्र, आवाज आणि कीबोर्ड सांभाळणारी यूएलए नावाची चिप आहे. तिची नेमकी वागणूक समजण्यासाठी ख्रिस स्मिथ यांनी चिपचं आवरण काढून आतली रचना अभ्यासली आणि २०१० मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. मूळ चिप कुणी जपलीच नसती तर हा अभ्यास झाला नसता. स्पेक्ट्रमला जगभर चाहते होते म्हणून हे घडलं. जिस्ट कार्डासाठी किंवा मराठी डीटीपीच्या एखाद्या विस्मृत सॉफ्टवेअरसाठी लंडनमधला कुणी चाहता रात्री जागवणार नाही, ते आपल्यालाच करावं लागेल. शिवाय त्या काळातली बरीच डीटीपी सॉफ्टवेअर प्रिंटरच्या पोर्टला लावायच्या डोंगलवर चालत. डोंगल आणि पोर्ट दोन्ही खरे असल्याशिवाय ती दार उघडत नाहीत.

दुसरा आक्षेप कचऱ्याचा. जुन्या मॉनिटरच्या काचेत शिसं असतं, बॅटरीत कॅडमियम असतं, आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी अधिकृत पुनर्चक्रणाची व्यवस्था घालून दिली आहे. मग जतनाच्या नावाखाली घराघरांत विषारी अडगळ साठवायची का? अजिबात नाही. शंभर सारख्या संगणकांतले बहुतेक अधिकृत पुनर्चक्रणाकडेच जावेत. उघड्यावर वायरी जाळून तांबं काढण्याचा प्रकार तर बंदच व्हायला हवा. जपायचं आहे ते निवडक: दुर्मीळ कार्ड, चालू होऊ शकणारा एखादा नमुना, त्याच्या दुरुस्तीसाठी सुटे भाग, आणि सर्व फ्लॉपी. सुटे भागही आता सहज मिळतील अशी आशा नको. स्पेक्ट्रमचा मेंदू असलेला झेड ८० प्रोसेसर १९७६ पासून बनत होता. झायलॉगने २०२४ मध्ये त्याच्या मूळ घडणीच्या चिपची शेवटची मागणी स्वीकारून उत्पादन थांबवलं.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. इतकं मोलाचं काम असेल तर ते सरकारने करावं, हौशी माणसांवर का सोडायचं? सरकारने करावंच. पण सुरुवात हौशी माणसांकडून होते, हा आपलाच अनुभव आहे. पुण्याचे दिनकर केळकर, ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे, दिवे, अडकित्ते, कोरीव दारं, वाद्यं अशा घरगुती वस्तू पै-पैसा वेचून जमवत राहिले. ज्या वस्तू लोक मोडीत घालत होते त्याच त्यांनी उचलल्या. तो सुमारे वीस हजार वस्तूंचा संग्रह पुढे राज्य सरकारकडे आला आणि राजा दिनकर केळकर संग्रहालय म्हणून आज देशोदेशीचे लोक तो पाहायला येतात. संगणकांच्या बाबतीत इंग्लंडमध्येही तेच घडलं. दुसऱ्या महायुद्धातला कोलोसस नष्ट केला गेला होता. टोनी सेल आणि त्यांच्या स्वयंसेवक सहकाऱ्यांनी थोडी छायाचित्रं, आराखड्यांचे तुकडे आणि निवृत्त अभियंत्यांच्या आठवणी यांवरून तो पुन्हा उभारला. १९५१ मध्ये सुरू झालेला हार्वेल डेकाट्रॉन २०१२ मध्ये स्वयंसेवकांनीच पुन्हा चालवून दाखवला. तिथल्या संस्थांनी मोठा निधी ओतला असं नव्हे. त्यांनी जागा दिली आणि दुरुस्तीला मान दिला.

रत्नागिरीत ही जागा नाही असं म्हणवत नाही. १८२८ मध्ये स्थापन झालेलं जिल्हा नगर वाचनालय इथे आहे. शासकीय तंत्रनिकेतन आहे, गोगटे-जोगळेकर महाविद्यालय आहे, आणि टीव्ही, मिक्सर, इन्व्हर्टर दुरुस्त करून कित्येक वर्षं संसार चालवणारे कारागीर बाजारपेठेत आहेत. सोल्डरिंगवर त्यांचा हात बसलेला असतो. तंत्रनिकेतनातली एक खोली, तिच्यात आर्द्रता शोषणारं यंत्र, दोन कामाची टेबलं, चुंबकीय थराची मूळ नोंद जशीच्या तशी टिपणारं फ्लॉपी-वाचक उपकरण आणि आठवड्यातून एक दिवस कारागिरासोबत बसणारे विद्यार्थी, एवढ्यावर काम सुरू होऊ शकतं. इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलाला आजच्या मोबाइलमध्ये बोटही शिरवता येत नाही. जुन्या बोर्डावर मात्र त्याला प्रत्येक चिपचं काम डोळ्यांनी दिसतं आणि मल्टिमीटरने पटतं.

खासगीपणाचा प्रश्न मात्र गंभीरपणे घ्यावा लागेल. पतसंस्थेच्या डिस्कवर खातेदारांची माहिती असते, दवाखान्याच्या डिस्कवर रुग्णांची. मालकाच्या लेखी संमतीशिवाय कोणतीही डिस्क वाचू नये आणि अशी माहिती खुली करू नये, हा नियम पहिल्या दिवसापासून हवा. आणि एक अट जिल्हा प्रशासनाने आपल्या अखत्यारीतल्या कार्यालयांना व शाळांना घालावी: जडवस्तू संग्रह नोंदवहीतून २००० पूर्वीचा संगणक निर्लेखित करण्याआधी त्या खोलीला कळवायचं आणि पाहणीसाठी पंधरा दिवस द्यायचे. याला नवा कायदा लागत नाही, परिपत्रक पुरतं. तोवर ज्याच्या घरी असा संगणक आहे त्याने तो सुरू करून पाहू नये. जाणकाराकडून आतली बॅटरी कापून घ्यावी, फ्लॉपी सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवाव्यात, आणि प्रत्येकीवर ती कुठल्या संगणकावर व कुठल्या फॉण्टमध्ये लिहिली गेली याची चिठ्ठी पेन्सिलने लिहून आवरणात सरकवावी.