कितवी स्टेज, हे लाजेने ठरू नये

कर्करोग म्हटला की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, ‘डॉक्टर, कितवी स्टेज?’ स्त्रीच्या योनिमुखाच्या, म्हणजे बाहेरच्या जननेंद्रियाच्या कर्करोगात ही स्टेज बऱ्याचदा लाज ठरवते, असे माझे स्पष्ट मत आहे.

बिद्री परिसरातली बाई उसाच्या भांगलणीला जाते. खाज-आग झाली तर घामामुळे असेल म्हणते, दुकानातून मलम आणते आणि दुखणे अंगावर काढते. पन्नाशी-साठीच्या कित्येक जणी माझ्याकडे गुडघेदुखीसाठी येतात आणि उठता उठता दबक्या आवाजात हे सांगतात. बहुतेकींना साधे विकार असतात. हा कर्करोग तसा विरळाच. पण तपासल्याशिवाय कळणार कसे?

याच्या अवस्था चार. पहिलीत रोग योनिमुखापुरताच असतो. दुसरीत शेजारच्या मूत्रमार्गाच्या, योनीच्या किंवा गुदद्वाराच्या खालच्या भागात शिरतो. जांघेतील ग्रंथी मात्र मोकळ्या असतात. तिसरीत सहसा या ग्रंथींत पोचतो. चौथीत हाडाला चिकटतो, ग्रंथी फुटून जखमा होतात किंवा तो दूरच्या अवयवांत जातो. जांघेतील ग्रंथी मोकळ्या आहेत की नाहीत, यावरच पुढचे बरेचसे भवितव्य ठरते. अमेरिकेतील नोंदींनुसार रोग जागच्या जागी सापडला तर १०० पैकी सुमारे ८५ जणी पाच वर्षांनंतरही हयात असतात; ग्रंथींत किंवा शेजारी पोचल्यावर जेमतेम निम्म्या.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी चाचणी आहे. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय आणि मुंबईचे टाटा रुग्णालय यांच्या सहभागाने झालेल्या अभ्यासात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ साली ते जगापुढे आले. योनिमुखासाठी अशी सामूहिक चाचणी नाही. पण हा भाग डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो.

म्हणून भगिनींनो, महिनाभर न थांबणारी खाज, पांढरा किंवा लाल जाड चट्टा, न भरणारी जखम, चामखिळीसारखी वाढ, पाळी गेल्यावर रक्तस्राव, यांपैकी काहीही असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. जागा बधिर करून छोटा तुकडा तपासणीला पाठवतात. अगदी सुरुवातीच्या, वरवरच्या गाठीला जांघेची शस्त्रक्रियाही सहसा लागत नाही. आम्हा डॉक्टरांनीही न पाहता मलम लिहून देणे बंद केले पाहिजे. आणि सासूबाईंना ‘काही त्रास आहे का?’ असे घरातल्या सुनेने एकदा तरी विचारावे.