दार नागपूरने उघडले होते

नोव्हेंबर 1938. औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजात आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात ‘वंदे मातरम्’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांची नावे निजाम सरकारने पटावरून काढली. शेकडो मुलांचे शिक्षण एका फर्मानाने थांबले. ते पुन्हा सुरू झाले, कारण नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी या मुलांना प्रवेश दिला. संस्थानाच्या हद्दीबाहेरचे नागपूर त्या मुलांना परमुलूखच होते. त्यांच्यातले पी. व्ही. नरसिंह राव पुढे देशाचे पंतप्रधान झाले. दहा वर्षांनी निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या जुलमाने आपल्या मराठवाड्यातली किती तरी कुटुंबे पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेली. उमरखेडला निजामाविरुद्धच्या लढ्याची छावणी उभी राहिली. ज्या कुरुंद्यावरून नरहर कुरुंदकरांना आडनाव मिळाले, त्या गावातल्या वाचकाला हा इतिहास नव्याने सांगायला नको. तरीही तो आज काढावा लागतो, कारण दार ठोठावणारी मुले आता दुसऱ्या देशांतली आहेत आणि दार उघडायचे की नाही, हे आपण ठरवायचे आहे.

15 ऑगस्ट 2021 रोजी काबूल तालिबानच्या हाती गेले. कोविडमुळे वर्ग ऑनलाइन झाल्याने पुण्यासह देशभरातल्या विद्यापीठांत शिकणारे कित्येक अफगाण विद्यार्थी तेव्हा मायदेशी होते. दहा दिवसांत भारताने, देशाबाहेर असलेल्या अफगाण नागरिकांचे आधीचे सारे व्हिसा रद्द केले. काही पासपोर्ट गहाळ झाल्याच्या बातम्या होत्या आणि सुरक्षेची चिंता खोटी नव्हती. पण पटावर नाव असलेला, फी भरलेला, परीक्षा तोंडावर आलेला विद्यार्थी आणि अनोळखी प्रवासी यांना एकाच आदेशाने बाहेर ठेवले गेले. ते चुकीचे होते, असे आमचे स्पष्ट मत आहे. डिसेंबर 2022 मध्ये तालिबानने मुलींना विद्यापीठांतूनही हाकलले. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेने पुढे अफगाण विद्यार्थ्यांना ऑनलाइन शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या दिल्या, हे चांगलेच झाले. मात्र 2025 च्या सप्टेंबरअखेर त्या देशातले इंटरनेटच काही काळ बंद पाडले गेले. शिवाय प्रयोगशाळा पडद्यावर कशी मिळणार?

युद्धभूमीतल्या विद्यार्थ्याची वाट बॉम्बइतकाच कागदही अडवतो. गाझातल्या विद्यार्थ्यांना ब्रिटनमधल्या विद्यापीठांनी प्रवेश दिला, शिष्यवृत्त्याही मिळाल्या. व्हिसासाठी बोटांचे ठसे हवे होते आणि ठसे घेणारे केंद्र गाझात सुरूच नव्हते. ठसे दिल्याशिवाय निघता येत नाही, निघाल्याशिवाय ठसे देता येत नाहीत, अशा कोंडीत महिने गेले. अखेर ब्रिटिश सरकारने स्वतः पुढाकार घेतला आणि सप्टेंबर 2025 मध्ये पहिले विद्यार्थी तिथे पोहोचले. इच्छाशक्ती असेल तर नियमाला वाट काढता येते, हे यातून दिसले.

नुसते बाहेर काढणे पुरत नाही, हे आपल्या घरच्या मुलांनीही भोगले आहे. 2022 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘ऑपरेशन गंगा’ने युक्रेनमधून सुमारे साडेबावीस हजार भारतीय परत आणले. त्यांत बहुतेक वैद्यकीयचे विद्यार्थी होते आणि महाराष्ट्रातलेही पुष्कळ. विमानतळावर हार पडले. त्यानंतर मुले पदवीसाठी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवत राहिली. अंतिम वर्षाच्या काही विद्यार्थ्यांना परीक्षेची संधी मिळायला मार्च 2023 उजाडले. कर्ज काढून मुलाला खारकीवला पाठवणाऱ्या बापाला त्या वर्षाची किंमत विचारावी.

परक्या मुलांना आसरा देणे आपल्याला नवे नाही. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडच्या सुमारे पाच हजार निर्वासितांची वसाहत होती. 1943 ते 1948 या काळात तिथली मुले आपल्या भाषेत, आपल्या शाळांत शिकली. संस्थानी कोल्हापूरच्या भूमीत हे घडले. काश्मीरच्या होरपळलेल्या मुलांसाठी पुण्यातली ‘सरहद’ संस्था वर्षानुवर्षे हेच काम करते आहे. महाराष्ट्राला हे जमत नाही, असे कुणी म्हणू नये.

काय करावे लागेल? केंद्राने प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यासाठी व्हिसाची वेगळी, जलद वाट ठेवावी. छाननी कडक करावी, पण ती माणसागणिक. ठसे इथे उतरल्यावर घ्यावेत. ढिगाऱ्याखाली गेलेल्या गुणपत्रिकेचा हट्ट विद्यापीठांनी सोडावा आणि परीक्षा किंवा मुलाखत घेऊन प्रवेश द्यावा. स्थानिक मुलांच्या जागांना हात लावण्याचे कारण नाही. अशा जागा जादा असाव्यात आणि त्यांचा खर्च सरकारने उचलावा. अन्यथा दुष्काळी भागातल्या पालकाचा रोष परक्या पोरावर निघेल आणि तो दोघांवरही अन्याय ठरेल.

हिंगोलीची महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्याला निजामाविरुद्धच्या त्याच लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव आहे. परभणीचे कृषी विद्यापीठ कोरडवाहू शेती शिकवते. अफगाणिस्तान आणि सुदानच्या मुलांना याहून उपयोगी काय असेल? या दोन्ही विद्यापीठांनी येत्या प्रवेशवर्षापासून अशा काही जागा आणि वसतिगृहातल्या खोल्या जाहीर कराव्यात. राज्य सरकारने त्यांना ‘निधी नाही’ म्हणण्याची वेळ आणू नये.