जंतूंच्या हातातील भाला

‘ऑपरेशन छान झाले, पण नंतर इन्फेक्शन झाले,’ हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. मग दोष नशिबाला, नाहीतर डॉक्टरांना. खरा गुन्हेगार पुष्कळदा वॉर्डातच दबा धरून बसलेला असतो.

‘स्युडोमोनास’ हा असाच एक जंतू. बेसिन, नळ, श्वसनयंत्राच्या नळ्या अशा ओलसर जागी तो सुखाने नांदतो. धडधाकट माणसाला तो सहसा त्रास देत नाही. भाजलेला, श्वसनयंत्रावरचा किंवा लघवीची नळी घातलेला रुग्ण मात्र त्याच्या तावडीत सापडतो.

त्याच्याजवळ दोन खास हत्यारे असतात. पहिले, इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नळी. ती आपल्या पेशीला टोचून तो विषारी प्रथिने थेट आत सोडतो. रक्षणाला धावलेल्या पांढऱ्या पेशीही त्यात बळी पडतात. दुसरे हत्यार भाल्यासारखे. कॉलऱ्याच्या जंतूत आणि स्युडोमोनासमध्ये शास्त्रज्ञांनी ते २००६ साली ओळखले. जंतूच्या आतले एक आवरण झटकन आखडते आणि भाला शेजारच्या जंतूत घुसतो. त्यावरील विषाने शेजाऱ्याची भिंतच फुटते. या विषावरचा उतारा स्युडोमोनास स्वतःजवळ बाळगतो, म्हणून त्याचे भाऊबंद वाचतात.

जंतूंनाही जागेसाठी असे लढावे लागते. आपल्या आतड्यात व त्वचेवर असंख्य निरुपद्रवी जंतू जागा अडवून बसलेले असतात. ते आपले राखणदारच होत. साधी सर्दी विषाणूंमुळे होते, तिच्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही. तरी आपण ते मागून घेतो. त्यात मरतात ते हे राखणदार! स्युडोमोनास मात्र अनेक औषधांना दाद देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ आणि २०२४ च्या धोकादायक जंतूंच्या याद्यांत त्याचे नाव आहे. म्हणजे शत्रूला मैदान आपणच मोकळे करून देतो.

हा भाला बोथट करणारे औषध अजून दुकानात मिळत नाही. पण १८४७ साली व्हिएन्नात डॉ. सेमेलवाइस यांनी हात धुण्याची सक्ती केली आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. तो उपाय आजही तितकाच खरा आहे. रुग्णाला भेटण्यापूर्वी व नंतर हात धुवा. त्याच्या खाटेवर बसू नका. आणि डॉक्टरांना नम्रपणे जरूर विचारा, ‘ही नळी अजून ठेवायलाच हवी का?’ चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावणार नाही.