आकाश सर्वांचे, ज्ञान कोणाचे?

चिलीतील सेरो पाचोन पर्वतावरील व्हेरा रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये पहिली छायाचित्रे जगापुढे ठेवली. तिच्या १० वर्षांच्या आकाश-सर्वेक्षणात दर रात्री सुमारे २० टेराबाइट माहिती जमा व्हावयाची आहे. ही वेधशाळा मुख्यतः अमेरिकी जनतेच्या करातून उभी राहिली. परंतु एवढा माहितीचा डोंगर उपसण्याची साधने लहान विद्यापीठातील संशोधकाने कोठून आणावीत? ‘एलएसएसटी डिस्कव्हरी अलायन्स’ ही ना-नफा संस्था सभासद-संस्था व देणगीदारांच्या बळावर अशांना साहाय्य करते, हे स्वागतार्हच आहे. तथापि देणगी हा हक्काला पर्याय नव्हे. दुर्बीण उभारणाऱ्या शासनाने ती वापरणाऱ्या माणसांचीही तरतूद केली पाहिजे. अन्यथा आकाश सर्वांचे राहील आणि त्याचे ज्ञान मात्र मूठभरांचे!