माशीचा फोटो आणि माशीची ओळख

कला शाखेच्या विद्यार्थ्याने माशीवर लेख लिहावा, हे पाहून काही मित्र हसतील. खुशाल हसोत! अर्जुनी-मोरगाव तालुक्यात, धानाच्या घरात वाढलेल्याला माशी ही परकी वस्तू नव्हे.

मागच्या भादव्यात ओसरीतल्या दिव्याभोवती तांबूस, जेमतेम ३ मिलिमीटर लांबीचे किडे जमले होते. मी हौसेने मोबाईलवर एकाचा फोटो काढला आणि नाव सांगणाऱ्या ॲपला विचारले. उत्तर आले, ‘डास’. ते मी ऐटीत मोठेबाबांना सांगितले. ते एवढेच म्हणाले, “फोटू ठेव खिशात. सकारी बांधीत चाल.”

सकाळी त्यांनी धानाच्या चुडातून एक पोंगा उपटून माझ्या तळहातावर ठेवला. कांद्याच्या पातीसारखा पोकळ, चंदेरी. टोकाशी कोषाचे रिकामे टरफल अडकलेले. ती गादमाशी होती. तिची अळी वाढत्या कोंबापर्यंत पोहोचली की पानाच्या आवरणाची अशी नळी होते आणि त्या फुटव्याला लोंबी येत नाही. म्हणजे मी ‘डास’ म्हणून निश्चिंत झोपलो होतो, तेव्हा आमच्या बांधीतले फुटवे वांझ होत होते!

तेव्हापासून मला प्रश्न पडला आहे की, फोटोवरून माशी खरोखर ओळखता येते काय? काही अंशी येते. मधमाशीला ४ पंख असतात, माशीला २. मागच्या पंखांच्या जागी नुसत्या बारीक गाठी. फुलावर घिरट्या घालणारी, मधमाशीचे सोंग घेतलेली माशी चांगल्या फोटोत एवढ्यावरून पकडता येते. परंतु पुढे जाती ठरवायच्या तर पंखांतील शिरा, अंगावरचे राठ केस, पुष्कळदा नराचे जननांगही भिंगाखाली पाहावे लागते. फोटोत ते कोठून येणार?

२०१५ साली दोन शास्त्रज्ञांनी दक्षिण आफ्रिकेतील एका माशीला केवळ छायाचित्रांवरून नवी जात म्हणून नाव दिले. तेव्हा वाद पेटला आणि पुढच्याच वर्षी जवळजवळ पाचशे तज्ज्ञांनी या पद्धतीविरुद्ध सह्या केल्या. उलट पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ रमणा अथ्रेया यांनी २००६ साली अरुणाचलातील नवा पक्षी जगापुढे आणला, तो न मारता. मोजमापे, फोटो आणि थोडी पिसे घेऊन त्यांनी त्याला सोडून दिले. मला हे फार भावले. पण पक्ष्याचा न्याय ३ मिलिमीटरच्या माशीला लावता येईल, असे मला वाटत नाही.

आणि आमची गादमाशी तर त्याहून बेरकी! भारतात तिचे ७ प्रकार नोंदले गेले आहेत आणि दिसायला ते सारखेच. कोणत्या वाणाला कोण पोखरते, यावरूनच ते कळतात. इथे फोटो तर सोडाच, सुईवर टोचलेली माशीसुद्धा मुकी.

म्हणून नागझिऱ्याला, नवेगावबांधला सहलीत फोटो काढणाऱ्या मित्रांना माझे सांगणे आहे : माशीबरोबर ती बसली ते झाडही टिपा, तारीख आणि गाव लिहा, नावाची घाई करू नका. ‘माशी, २ पंख’ एवढेच लिहिले तरी त्यात लाज कसली?

यंदा मोठेबाबांनी स्वतःच मला पोंग्यांचे फोटो काढायला लावले. कोणत्या बांधीत कोणते धान होते, हे मात्र त्यांनी आपल्या जुन्या वहीतच लिहून ठेवले आहे.