एसी आणि स्प्रिंकलरचं गणित सॉफ्टवेअर करतं, पण आकडे कोण भरतं?

२०२१ हे वर्ष आठवतंय? ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. २३ एप्रिलला विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयाचा आयसीयू पेटला, किमान १३ रुग्ण दगावले. ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयाचा आयसीयू, तिथे किमान ११. विरारमध्ये तर पहिला संशय एसी युनिटवरच गेला होता.

म्हणजे एसी आणि आग हे दोन वेगळे विषय नाहीत. सातारा-सांगलीतलं एखादं मोठं हॉस्पिटल घ्या, तिथली एसीची डक्ट आणि फायरची पाइपलाइन एकाच फॉल्स सीलिंगवरून जाते. हे सगळं आता कॉम्प्युटरवर डिझाइन होतं. ‘एचव्हीएसी डिझाइनिंग शिका’ अशा जाहिराती तुमच्याही फोनवर येत असतील. मग हे सॉफ्टवेअर नेमकं करतं काय?

एसीचं गणित

कॅरियरचं ‘हॅप’, ट्रेनचं ‘ट्रेस’ आणि अमेरिकन सरकारचं मोफत ‘एनर्जीप्लस’ ही त्यातली मोठी नावं. काम एकच: खोलीत उष्णता किती येते ते मोजायचं. ऊन, भिंती, काचा, दिवे, मशिन आणि माणसं. उत्तर येतं टनात. एक टन म्हणजे साधारण ३.५ किलोवॅट उष्णता बाहेर काढायची ताकद.

हॉस्पिटलमध्ये नुसता गारवा पुरत नाही. ऑपरेशन थिएटरची हवा तासाला कमीत कमी २० वेळा बदलली पाहिजे आणि त्यातली ४ वेळची हवा बाहेरची ताजी हवी, असं एनएबीएचचे निकष सांगतात. ६ बाय ६ मीटरची, ३ मीटर उंच खोली धरा. १०८ घनमीटर गुणिले २०, म्हणजे तासाला २,१६० घनमीटर हवा. डक्ट, पंखा, फिल्टर सगळं या आकड्यावरून ठरतं.

आगीचं गणित

सिनेमात एक काडी पेटली की सगळे स्प्रिंकलर सुरू होतात. खऱ्या इमारतीतल्या नेहमीच्या स्प्रिंकलरचं तसं नसतं. लाल द्रवाची काचेची नळी साधारण ६८ अंशांना फुटते आणि जिथे नळी फुटली तेवढाच स्प्रिंकलर पाणी सोडतो. सॉफ्टवेअर बघतं की पंपापासून सगळ्यात लांबच्या स्प्रिंकलरपर्यंत पुरेसा दाब पोहोचतोय का.

इथे छोटी काटकसर महागात पडते. ५० मिलिमीटरऐवजी ४० मिलिमीटर आतल्या व्यासाचा पाइप टाकला, तर तेवढ्याच पाण्याला घर्षणामुळे होणारी दाबातली घट जवळजवळ तिप्पट होते. पाइप आतून गंजला तरी तेच. नव्या लोखंडी पाइपसाठी सॉफ्टवेअरमध्ये गुळगुळीतपणाचा आकडा १२० धरतात. तो १०० वर आला की घट ४० टक्क्यांनी वाढते. सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीत १९१० पासून कारखाना आहे, पंपांसाठी तो जगभर ओळखला जातो. पण पंप कितीही चांगला असो, पाइप चुकला तर शेवटच्या खोलीत पाणी पोचणार नाही.

सातारा-सांगलीची अडचण

सॉफ्टवेअरला आधी गावाचं हवामान सांगावं लागतं. एनर्जीप्लससोबत वर्षानुवर्षं वापरात असलेल्या भारतीय शहरांच्या फाइल्समध्ये पुणे, सोलापूर, बेळगाव, रत्नागिरी आहेत. सातारा आणि सांगली नाहीत! मग डिझायनर जवळचं शहर निवडतो.

पण जवळचं म्हणजे कुठलं? एकट्या सातारा जिल्ह्यात धो-धो पावसाचं महाबळेश्वर आहे आणि दुष्काळी माण तालुकाही आहे. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा अंदाजे १५ टक्के विरळ. उंचीचा रकाना तसाच सोडला, तर तोच पंखा तेवढ्याच फेऱ्यांत कमी हवा वाहून नेतो आणि गारवा कमी पडतो. तासगावकडच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये वेगळाच आकडा लागतो: दार दिवसातून किती वेळा उघडतं? तो कुठल्याच फाइलमध्ये मिळत नाही. जाऊन विचारावं लागतं.

दोन्ही जिथे भेटतात

आग लागली की एसीची हवा थांबली पाहिजे आणि डक्टमधली झडप, म्हणजे फायर डॅम्पर, बंद झाली पाहिजे. नाहीतर तीच डक्ट धूर खोल्याखोल्यांत पोचवते. रेव्हिटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये डक्ट आणि पाइप एकमेकांना कुठे आडवे येतात ते बांधकामाआधीच दिसतं. अमेरिकेच्या निस्ट संस्थेचं मोफत एफडीएस सॉफ्टवेअर २००० साली आलं. धूर कसा पसरेल ते त्यात बघता येतं.

पण डॅम्पर पाच वर्षांनी खरंच बंद होईल का, हे यातलं एकही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. त्यासाठी कायदा आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार मालकाला दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र द्यावं लागतं. हॉस्पिटलमध्ये पेशंटसोबत असाल तर ते विचारायला लाजू नका.

शिकायचं असेल तर

यातलं खरं काम फोनवर होत नाही, लॅपटॉप किंवा पीसी लागतोच. एनर्जीप्लस आणि एफडीएस मोफत आहेत, विद्यार्थ्यांना रेव्हिटही मोफत मिळतं. त्यामुळे क्लासची फी भरण्याआधी एक प्रश्न विचारा: तुम्ही बटणं शिकवता, की आकडे कुठून आणायचे तेही शिकवता? साइटवर नेणार का? बटणं यूट्यूबवरही शिकता येतात. रकान्यात ‘पुणे’ लिहायचं की ‘महाबळेश्वर’, पाइपचा आकडा १२० धरायचा की १००, हे ज्याला कळतं तो डिझायनर. चुकीचा आकडा टाकला तरी सॉफ्टवेअर तितक्याच आत्मविश्वासानं रंगीत रिपोर्ट काढून देतं. त्या रिपोर्टवर विसंबून कुणीतरी आयसीयूत झोपलेलं असतं.